गाडी घेताना सीट नीट बघा: उंची, हेडरेस्ट, पट्टा आणि बरंच काही

रानजाई

गाडी घ्यायची ठरली की घरात चर्चा होते ती मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन आणि फार तर एअरबॅग किती याची. सीटबद्दल प्रश्न एकच, लेदर की कापड. मी पुण्याजवळ सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते, त्यामुळे हे मला फार लागतं. अपघात होतो तेव्हा तुमचं अंग गाडीच्या ज्या भागाला सगळ्यात जास्त टेकलेलं असतं तो भाग म्हणजे सीट. पट्टा आणि एअरबॅग आपलं काम नीट करणार की नाही, हे तुम्ही सीटवर कुठे आणि कसे बसलात यावर ठरतं.

आधी उंचीचं सांगते. धडकेच्या चाचण्यांत माणसाऐवजी डमी, म्हणजे माणसाच्या मापाचा पुतळा, बसवतात. जगभर सगळ्यात जास्त वापरली गेलेली डमी म्हणजे हायब्रिड थ्री. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. ही अमेरिकेतल्या मध्यम पुरुषाची मापं. तिचंच एक लहान रूप आहे, सुमारे १५० सेंटिमीटर आणि ४९ किलोचं. अमेरिकेतल्या शंभर बायकांमध्ये जेमतेम पाच जणी तिच्याहून लहान भरतील, अशा बेताने ती बनवली. आता आपल्याकडची बाई सरासरी किती उंच असते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे साधारण १५२ सेंटिमीटर. तिकडे जी टोकाची लहान, ती आपल्याकडे आई, मावशी, ऑफिसातली मैत्रीण. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनसीएपीच्या, समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत पुढच्या दोन्ही सीटवर मध्यम पुरुषाच्याच मापाच्या डमी असतात, आणि सीट पुढे-मागे सरकवायच्या रेलवर साधारण मधोमध लावलेली असते. पाच तारे मिळवणारी गाडी चांगलीच असते, त्याबद्दल वाद नाही. पण माझी आई त्या जागी बसतच नाही. क्लच पूर्ण दाबायचा तर तिला सीट पार पुढे घ्यावी लागते आणि बॉनेटपुढचा रस्ता दिसावा म्हणून ती खाली उशी घेते.

इथेच घोटाळा होतो. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत, सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते. तिला फुगायला जागा लागते. म्हणून स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असं अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था सांगते. सीट उंच करता आली तर बुटक्या माणसाला रस्ता दिसण्यासाठी पुढे झुकावं लागत नाही आणि तो थोडा मागे बसू शकतो. उशीने तसं होत नाही. मऊ उशी धडकेत दबते, माणूस खाली घसरतो आणि पट्ट्याचा कमरेवरचा भाग खुब्याच्या हाडावरून निसटून पोटावर चढतो. आमच्या कामात याला सबमरीनिंग म्हणतात. पट्ट्याने धरायचं ते हाडाला. पोटाला धरलं तर आतडी, यकृत, प्लीहा यांना इजा होते. हे टाळायला सीटच्या बैठकीखाली, पुढच्या बाजूला, पत्र्याचा चढ दिलेला असतो. फोममुळे तो दिसत नाही, पण मांड्यांखाली हात घालून जोरात दाबलंत तर हाताला लागतो. त्यावर उशी टाकली की त्या चढाचा उपयोग फार कमी होतो.

सीटची उंची बदलणारी यंत्रणा म्हणजे बैठकीच्या कडेचा एक लिव्हर आणि आतला छोटा पंप. लिव्हर वर-खाली मारत गेलं की सीट पाच-सहा सेंटिमीटर उचलली जाते. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत फक्त वरच्या व्हेरिएंटला मिळते. पट्ट्याचा खांद्याकडचा टेकू वर-खाली करण्याची सोय आणि वर-खाली होणारं हेडरेस्ट यांचीही तीच गत. या तीन गोष्टी खालच्या व्हेरिएंटलाही द्यायलाच हव्यात असं माझं ठाम मत आहे, आणि गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय त्या येणार नाहीत. म्हणून हा धागा. तुमचे प्रश्न, अनुभव लिहा.

घाटमाथा

उत्तम धागा. माझ्याकडे खालचा व्हेरिएंट आहे, उंची बदलायची सोय नाही. बाहेरून बसवून मिळते असं एका गॅरेजवाल्याने सांगितलं. बसवावी का? बायकोची उंची पाच फुटांच्या आत आहे आणि रोज तीच गाडी नेते.

रानजाई

@घाटमाथा, कृपया बसवू नका. सीटचा सांगाडा, खालची रेल, रिक्लायनर (पाठ कलती करणारा सांधा) आणि पट्ट्याचं बकल हे सगळं एकत्र तपासलेलं असतं. बकल सीटलाच जोडलेलं असतं, म्हणजे धडकेत पट्ट्याचा बराचसा ताण सीटमार्गे रेलवर आणि तिथून फ्लोअरवर जातो. मध्ये कुणी लोखंडी पट्ट्या, स्पेसर घालून बोल्ट लांब केले तर ते सांधे कुठे सुटतील याचा हिशेब कुणीच केलेला नसतो.

आहे त्या गाडीत हे करा. बॅकरेस्ट जास्तीत जास्त सरळ ठेवा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघ्याला थोडा बाक राहील इतपतच सीट पुढे घ्या. स्टिअरिंग तिरकं करता येत असेल तर खाली करा, म्हणजे एअरबॅग तोंडाऐवजी छातीच्या रोखाने उघडेल. मग टेपने अंतर मोजा. उशी घ्यायचीच असेल तर पातळ, घट्ट, तळाला रबर असलेली घ्या, आणि ती घेतल्यावर पट्टा खुब्याच्या हाडावर बसतोय का ते हाताने चाचपून बघा. तसा बसत नसेल तर उशी काढून टाका.

गोटेबोर्गकर

सीटचा विषय निघाला आणि मी स्वीडनमध्ये गोटेबोर्गला राहतो, म्हणून लिहितोच. या शहरात यावर फार मोलाचं काम झालंय. तीन बिंदूंचा, म्हणजे खांदा आणि कमर दोन्ही धरणारा पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. हे पुष्कळांना माहीत असतं. बेर्टिल आल्डमन या संशोधकाचं नाव मात्र कमी लोकांनी ऐकलेलं असतं. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर दाब घेत बसतात, ते बघून त्यांना सुचलं की लहान मुलांना गाडीत मागे तोंड करून बसवावं. १९६४ साली त्यांनी तशी पहिली सीट तपासली. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक. मागे तोंड असलं की धडकेचा जोर सबंध पाठीवर पसरतो. इथे मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसतात आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

सीट माणसाप्रमाणे बदलली पाहिजे, ही रानजाई यांची गोष्ट मुलांनाही लागू होते. व्होल्वोने १९९० मध्ये मागच्या सीटमध्येच उचलून उंच होणारा बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, दिला. मूल वाढत जातं तसा पट्टा मानेवर न येता खांद्यावर बसावा, हा त्यामागचा हेतू.

आता मागून बसणाऱ्या धडकेबद्दल. तुम्ही सिग्नलला उभे आहात आणि मागून कुणीतरी ठोकलं. सीटची पाठ तुमच्या धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र आहे तिथेच राहू पाहतं. क्षणभर मान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते, आणि हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतं. डोक्याला लगेच मागे आधार मिळाला तर मान वाचते. साब या स्वीडिश गाडी कंपनीने १९९७ मध्ये अशी सीट आणली की धडकेत प्रवाशाच्या पाठीचा दाब आतल्या तरफेवर येतो आणि हेडरेस्ट आपोआप वर आणि पुढे येतं. पुढच्याच वर्षी व्होल्वोने दुसरी वाट काढली. बॅकरेस्ट आधी सरळ मागे सरकते, मग थोडी कलते, आणि या हालचालीत रिक्लायनरमधला धातूचा एक भाग वाकून जोर शोषून घेतो. तो भाग एकदा वाकला की बदलावा लागतो.

अशा सीटांनी बायकांचं रक्षण पुरुषांइतकं होतं का, हा प्रश्न संशोधक अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांनी लावून धरला. अशा धडकेत मानेची इजा बायकांना जास्त होते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. सीट मध्यम पुरुषाच्या वजनाला बेतलेली असेल तर हलक्या माणसाच्या पाठीने ती पुरेशी मागे झुकतच नाही. लिंडर यांच्या स्वीडिश संशोधन संस्थेने २०२२ साली सरासरी बाईच्या मापाची डमी पुढे आणली, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोची. सरासरी पुरुषाची डमी येऊन तोवर कितीतरी दशकं झाली होती.

माऊली_फिजिओ

गोटेबोर्गकर, फार छान लिहिलंत. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. मागून ठोकल्यावर मान धरली म्हणून येणाऱ्या रुग्णांना मी नेहमी एक प्रश्न विचारते, हेडरेस्ट कुठल्या खाचेवर होतं? उत्तर बहुतेक वेळा एकच, "ते कधी हलवलंच नाही." नव्या गाडीत ते सगळ्यात खाली असतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मग ते मानेच्या मागे येतं आणि धडकेत डोकं त्याच्यावरून मागे जातं. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याला आला पाहिजे, आणि डोकं व हेडरेस्ट यांच्यात चार बोटांपेक्षा जास्त फट नको. मानेखाली लावायच्या गुबगुबीत उशा मिळतात, त्यांनी डोकं पुढे ढकललं जातं आणि मागे पोकळी राहते. त्या मी काढायलाच सांगते.

गरोदर बायकांसाठी थोडं. पट्टा लावायचाच. खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या टोकाशी, आणि वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून. पोटावरून पट्टा कधीच नको. शेवटच्या महिन्यांत गाडी चालवत असाल तर सीट जमेल तितकी मागे घ्या.

वाटाड्या६७

सगळं पटतंय, पण जरा व्यवहाराचंही बोलूया. सीट उंच करायची सोय हवी म्हणून वरचा व्हेरिएंट घ्या, म्हणजे लाखभर रुपये जास्त. तेवढ्यात माणूस वर्षभराचा विमा आणि पेट्रोल काढतो. शिवाय आपल्याकडे उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, मध्येच थांबणारे ट्रक, खड्डे. आधी रस्ते सुधारा, मग सीटचं बघू.

रानजाई

@वाटाड्या६७, पैशाबद्दल तुमची तक्रार अगदी रास्त आहे, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. तो लिव्हर टचस्क्रीन आणि अलॉय चाकांच्या गठ्ठ्यात बांधून विकला जातो. सुटा द्यायला काहीच अडचण नाही. शोरूममध्ये लेखी मागा, कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहा. २०१९ च्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्याआधी तीही वरच्या व्हेरिएंटची चैन समजली जायची.

रस्त्यांबद्दल मात्र असहमत. रस्ते वाईट आहेत म्हणून तर सीट चांगली हवी. दुसऱ्याने केलेली चूक आपण थांबवू शकत नाही, आपली बसायची जागा आपल्या हातात असते.

शिवणकाम_नाशिक

मी नाशिकला सीट कव्हरचं दुकान चालवतो. आमच्याच धंद्यातली गोष्ट आहे, म्हणून लिहितो. आता पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. चालकाच्या सीटला ती उजव्या कडेला, दाराच्या बाजूला असते. तिथे कापडावर एअरबॅग असं लिहिलेलं छोटं लेबल शिवलेलं दिसतं. कंपनी त्या कडेची शिवण मुद्दाम कमजोर ठेवते, म्हणजे बॅग फुगली की तिथेच उसवेल. वरून जाड रेक्झिनचं कव्हर दुहेरी शिवण मारून ताणून बसवलं तर बॅगला बाहेर यायला वाट कुठे? ती उशिरा उघडेल किंवा भलतीकडे उघडेल. आम्ही अशा गाडीला कडेला मोकळं ठेवलेलं किंवा तिथे कमजोर दोऱ्याने शिवलेलं कव्हरच देतो. गिऱ्हाईक कधी कधी नाराज होतं, बाजू उघडी का ठेवली म्हणतं. मी गाडीतलं लेबल दाखवतो, मग पटतं. कव्हर टाकण्याआधी आपल्या सीटच्या कडेला ते लेबल आहे का बघा आणि दुकानदाराला दाखवा.

आणखी एक विनंती. मागच्या सीटची हेडरेस्ट काढून डिकीत टाकू नका. मागचं नीट दिसत नाही म्हणून बरेच जण काढतात.

सईची_आई

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. चाइल्ड सीट गाडीला अडकवायच्या आयसोफिक्सचं बरंच ऐकलं, पण बसवताना नेमकं काय बघायचं ते कुणी नीट सांगत नाही. आमच्याकडे मोठी माणसं म्हणतात, मांडीवर घे, आईच्या हातात मूल सगळ्यात सुरक्षित.

रानजाई

@सईची_आई, मांडीचं आधी. ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका जोर. बारा किलोचं मूल त्या क्षणी हातात धरून ठेवणं कुणाही माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. आई मागे पट्टा न लावता बसली असेल तर तिच्या अंगाचा भार मुलावरच येतो. घरच्यांना हे शांतपणे सांगा. प्रेमापोटीच म्हणतात ते.

आयसोफिक्समध्ये सीटची बैठक आणि पाठ मिळतात त्या फटीत दोन लोखंडी आडव्या कांब्या असतात, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. हात घातला की लागतात. चाइल्ड सीटचे दोन दांडे त्यात खट्कन अडकतात आणि बहुतेक सीटांवर लाल खूण जाऊन हिरवी येते. एवढ्यावर थांबू नका. सीट पुढे उलटू नये म्हणून तिसरा आधार लागतो, वरचा पट्टा किंवा खाली फ्लोअरला टेकणारा पाय. वरच्या पट्ट्याची कडी हॅचबॅकमध्ये बहुधा मागच्या सीटच्या पाठीमागे असते. बरेच लोक ती लावायचीच विसरतात. बसवून झालं की सीट दोन्ही हातांनी हलवून बघा. बुडाशी इंचभरही हलता कामा नये. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेली चाइल्ड सीट तिथे कधीच लावू नका, मूल दगावू शकतं. दोन वर्षांच्या सईला अजूनही मागे तोंड करून बसवता येईल. तुमच्या सीटवर त्यासाठीची उंची-वजनाची मर्यादा लिहिलेली असेल, ती बघा.

आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाखाली हजार रुपये दंड आहे.

घाटमाथा

मागच्या सीटचा विषय निघालाच आहे तर. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरला चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचाही मृत्यू झाला आणि दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर आमच्या सोसायटीत महिनाभर सगळे मागे पट्टा लावत होते. आता परत थांबलंय. पट्ट्याचा बझर बंद करायच्या बकलात अडकवायच्या क्लिपा तर सर्रास दिसतात.

रानजाई

त्या क्लिपा विकणाऱ्या पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये त्या काढून टाकायचे आदेश दिले. कुणाच्या गाडीत दिसली तर काढायला सांगा. मागचा माणूस पट्ट्याविना असेल तर धडकेत तो पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो आणि पुढे पट्टा लावून बसलेला माणूस सीटची पाठ आणि आपला पट्टा यांच्या मध्ये सापडतो.

वाटाड्या६७

पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर शेजारची सीट पार आडवी करून झोपलेली माणसं रोज दिसतात. पाय डॅशबोर्डवर. चालकाला झोप लागू नये म्हणून शेजाऱ्याने जागं राहावं हे वेगळंच, पण ती सीट आडवी केल्याने पट्ट्याचं काय होतं?

रानजाई

फार चांगला प्रश्न. पुढच्या सीटच्या पट्ट्याचा खांद्याकडचा टेकू दाराच्या खांबावर असतो, सीटवर नसतो. पाठ कलत गेली की खांदा मागे जातो आणि पट्टा पुढे हवेत राहतो. धडकेत माणूस आधी पट्ट्याखालून घसरतो, मग पट्टा पोटावर किंवा गळ्याशी येतो. चाचणीत पाठीचा कोन साधारण २५ अंशांच्या आसपास धरतात, पट्टा त्या बेताने आखलेला असतो. पाठ पार मागे टाकून झोपायची सोय देणाऱ्या सीट आता महागड्या गाड्यांत येतायत. तिथे पट्टा सीटलाच जोडणं आणि बैठकीचा पुढचा भाग उचलणं असे उपाय करावे लागतात. साध्या गाडीत ते नसतं. डॅशबोर्डवर पाय असेल आणि एअरबॅग उघडली तर गुडघा तोंडाकडे येतो आणि खुब्याचा सांधा तुटतो. झोप आलीच तर गाडी सर्व्हिस एरियात थांबवून झोपा.

माऊली_फिजिओ

+१. खुबा निखळलेला रुग्ण पुन्हा पायावर उभा राहायला किती महिने लागतात ते मी जवळून बघते.

घाटमाथा

काल बायकोला घेऊन शोरूममध्ये गेलो होतो, नवीन गाडी घेण्याचा विचार आहे. टेप सोबत नेली. विक्रेत्याला आधी काही कळेना, मग तोही उत्साहाने मोजायला लागला. एका हॅचबॅकमध्ये सीट सगळ्यात वर घेऊन, स्टिअरिंग खाली करून अंतर २७ सेंटिमीटर आलं, पट्टाही खांद्याच्या मधोमध. दुसरी दिसायला मोठी होती, पण तिच्यात हेडरेस्ट पाठीला जोडलेलं, हलतच नाही, आणि माझ्या उंचीला ते मानेपर्यंतच येतं. ती बाद केली. आता एकच शंका. आई-बाबा आले की सात जण होतात, म्हणून तिसऱ्या रांगेची गाडीही बघतोय. तिथे काय बघायचं?

रानजाई

तिसऱ्या रांगेत आधी तुम्ही स्वतः बसून बघा, शोरूमच्या माणसाचं ऐकून ठरवू नका. डोक्यामागे डिकीची काच किती जवळ येते, हेडरेस्ट वर घेतल्यावर माथ्यापर्यंत पोहोचतं का, आणि प्रत्येक जागेला तीन बिंदूंचा पट्टा आहे का ते बघा. मधल्या रांगेच्या मधल्या जागेला हेडरेस्ट आहे का तेही बघा, बऱ्याच गाड्यांत नसतं. तिसऱ्या रांगेमागे सामान ठेवायचं तर सीटच्या पाठीच्या उंचीवर नको. बॅगा खाली, जड बॅग तळाशी. आई-बाबांना शक्यतो मधल्या रांगेत बसवा, चढायला-उतरायलाही त्यांना सोपं जाईल.